रकाना

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात पुण्यातील एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाबाहेर आम्ही तिघे उभे होतो: मी, माझी धाकटी बहीण आणि तिचा १९ वर्षांचा मुलगा. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत ओल्या छत्र्यांचा, फिनाइलचा आणि कुणीतरी डब्यात आणलेल्या लसणाच्या चटणीचा मिसळलेला वास कोंडला होता. खिडकीपलीकडच्या बाईंनी केसपेपरबरोबर एक छापील फॉर्म पुढे सरकवला. बॉलपेन सुतळीने खिडकीच्या गजाला बांधलेले होते, त्यामुळे कागद कठड्यावर ठेवून उभ्यानेच लिहावे लागत होते. बहिणीचा हात थरथरत होता, म्हणून पेन मी घेतले. नाव, वय, पत्ता, शिक्षण, पूर्वीचे आजार, घरात कुणाला मानसिक आजार असल्यास तो, असे करत मी एका ओळीपाशी आले: ‘व्यसने (असल्यास)’. पुढे बोटभर लांबीचा रिकामा रकाना होता. मी मान वळवून बहिणीकडे पाहिले. तिने दुसऱ्या कुणाला कळणार नाही इतपत मान हलवली, आणि मी त्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले. मुलगा माझ्या खांद्यामागे उभा होता. त्या दिवसांत त्याची नजर कुठेच ठरत नसे, दारावरून पंख्यावर, पंख्यावरून कुणाच्या तरी मोबाइलवर अशी ती सतत धावत असे. त्या शब्दावर मात्र ती ठरली.

आम्हा दोघींनाही खरे काय ते ठाऊक होते.

तो अकरावीत असताना, धुळ्याच्या घरी कपडे भिजवण्यापूर्वी खिसे तपासताना, बहिणीला त्याच्या जीन्समध्ये वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली एक पुडी सापडली होती. आत काड्या आणि बिया असलेला हिरवट तपकिरी चुरा होता. तिने तो हुंगला, आणि ते काय आहे हे तिला कुणी सांगावे लागले नाही, कारण आम्ही दोघींनी आमच्या लहानपणीच्या सगळ्या सुट्या एकाच आजोळी घालवल्या आहेत. त्या रात्री तिच्या यजमानांनी मुलाच्या कानाखाली वाजवली, देव्हाऱ्यासमोर उभे करून शपथ घ्यायला लावली आणि घरात तो विषय तिथेच संपला. पुड्या मात्र चालू राहिल्या असाव्यात. पुढे तो इंजिनिअरिंगला पुण्यात आला, मित्रांबरोबर खोली घेऊन राहू लागला, आणि एका रविवारी मी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन त्याच्याकडे गेले तेव्हा जिन्याच्या वळणावरच मला तो वास आला. जळत्या ओल्या पाल्याचा, किंचित गोडसर, घशात बसणारा. मी दारावर थाप मारली. आत खिडक्या उघडल्याचा आवाज आला, पंखा वाढवल्याचा आला, मग दार उघडले. त्याचे डोळे तांबारलेले होते आणि तो फार प्रेमाने हसला. मी डबा दिला, अभ्यासाची चौकशी केली आणि पाच मिनिटांत खाली उतरले. संध्याकाळी बहिणीला फोन केला, पण ‘खोलीत कुणीतरी ओढत असावे’ असे मोघम सांगितले. म्हणजे रुग्णालयाच्या खिडकीवर मी लिहिलेले ‘नाही’ हे माझे पहिले ‘नाही’ नव्हते.

असे का लिहिले, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. लाज होतीच. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आला तो वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर नेहमी दिसणारा फोटो: टेबलावर मांडलेल्या पुड्या, मागे ओळीने उभे असलेले पोलीस आणि मध्ये तोंडावर काळे फडके बांधलेला, हाताची बोटे एकमेकांत गुंतवून उभा असलेला एखादा पोरगा. आपल्या हाताने ‘गांजा’ असे लिहून दिले तर तो कागद उद्या कुठल्या टेबलावर जाईल, या विचाराने माझ्या हाताने परस्पर निर्णय घेतला. अमली पदार्थांचा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी लागू झाला. त्याच्या लेखी गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. नुसती पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून केंद्राच्या कायद्यापुरती भांग सुटते. एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला जातो आणि तो जवळ बाळगल्याबद्दल एक वर्षापर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, नुसता ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद. हे सगळे मी नंतर वाचले. त्याच कायद्याचे ६४-अ हे कलम, मान्यताप्राप्त संस्थेत स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अशा खटल्यातून मोकळीक देते, हेही नंतरच वाचले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे, हेही. आमची भीती बरीचशी निराधार होती, असे आज म्हणता येते. पण भीती कलमे वाचून निर्माण होत नाही आणि कलमे वाचून जातही नाही. ती आतल्या पानावरच्या त्या फोटोंनी वर्षानुवर्षे थोडी थोडी भरत गेलेली असते.

त्या एका शब्दाची किंमत १९ दिवस होती. डॉक्टर शांत स्वभावाचे, चाळिशीचे गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला झोप, जेवण, परीक्षा, मित्र, प्रेमप्रकरण असे सगळे विचारले आणि आम्ही प्रत्येक प्रश्नाचे उत्तर अगदी तपशीलवार, जणू प्रामाणिकपणाची स्पर्धा असावी तसे दिले. औषधे सुरू झाली. मुलगा माझ्याच घरी होता. त्याने मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बँड-एड चिकटवले होते आणि रात्री दोन-अडीचला तो स्टुलावर चढून, बंद केलेल्या पंख्याला कान लावून उभा राहत असे. काय ऐकू येते असे विचारले तर ओठांवर बोट ठेवून मला गप्प करी. औषधांनी दोन दिवस बरे वाटे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गोळ्यांचे प्रमाण वाढवले, मग बदलले. या सगळ्या काळात तो संध्याकाळी ‘जरा खाली जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडत होता आणि आम्ही त्याला मोकळी हवा मिळते म्हणून बरे मानत होतो. त्याने ओढणे थांबवावे असे त्याला कुणी म्हटलेच नव्हते, कारण तो ओढतच नव्हता, तसे मी लिहून दिले होते.

एकोणिसाव्या दिवशी तिसऱ्या भेटीत डॉक्टर काहीतरी लिहीत असताना तो मध्येच म्हणाला, ‘मावशीनं फॉर्मवर लिहिलंय ते खोटं आहे. मी गांजा ओढतो.’ खोलीत पंख्याचा आवाज तेवढा राहिला. डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी राहीन. त्यांनी फाइलची पाने मागे उलटली, माझ्या ‘नाही’वर एक सरळ आडवी रेघ मारली आणि तिच्या वर लिहिले: गांजा, ३ वर्षे, रोज. मग त्याला विचारले, ‘काल?’ तो म्हणाला, ‘हो, काल पण.’ पुढची दहा मिनिटे ते दोघेच बोलत राहिले. कुठून आणतोस हे त्यांनी विचारले नाही. किती, कधीपासून, तंबाखूत मिसळून की नुसता, ओढल्यावर आवाज वाढतात की कमी होतात, एवढेच विचारले. निघताना बहिणीने दारातून मागे वळून तो प्रश्न विचारलाच, जो कुठलीही आई विचारील: हे गांजानेच झाले ना? डॉक्टर म्हणाले, ‘गांजामुळे आजार आला, की आजाराची चाहूल लागली म्हणून हा जास्त ओढायला लागला, हे आज मला सांगता येणार नाही. दोन्ही असू शकतं. ओढत राहिला तर औषध पुरं पडणार नाही, एवढं मात्र नक्की.’ बहिणीला ते उत्तर आवडले नाही. तिला एक कारण हवे होते, आणि गांजा हे कारण म्हणून तिला सोयीचे होते, कारण मग दोष मित्रांकडे जात होता.

आमचे आजोळ नगर जिल्ह्यातले. गावाबाहेर ओढ्यापलीकडे महादेवाचे देऊळ आणि त्याला लागून गोसाव्यांचा मठ होता. सत्तरच्या दशकात, आम्ही परकर घालून हिंडत होतो तेव्हा, तिथे एक म्हातारे बुवा राहत. दुपार कलली की ते ओट्यावर बसून गांजाची तयारी करत, आणि ती आम्ही पोरे समोर उकिडवी बसून बघत असू. तळहातावर घेतलेला गांजा ते दोन थेंब पाण्याने भिजवून अंगठ्याने सावकाश मळत, बिया आणि काड्या निवडून बाजूला टाकत. चिलमीत आधी खडा टाकत, मग गांजा भरत, वर विस्तव ठेवत आणि खाली ओली छापी, म्हणजे फडक्याचा तुकडा, गुंडाळत. ती छापी वर्षानुवर्षांच्या धुराने चहाच्या गाळण्यासारखी काळपट झालेली होती. दोन्ही हातांच्या मुठीत चिलीम धरून, महादेवाचे नाव घेऊन ते असा काही झुरका घेत की चिलमीच्या तोंडाशी वीतभर ज्वाळ उठे. मग धूर, आणि मग बराच वेळ काहीच नाही, फक्त ओढ्याचा आवाज. आमचे आजोबा संध्याकाळी त्यांच्याशी गप्पा मारायला जात. ते स्वतः ओढत नसत. पण परत आल्यावर आजी विचारी, ‘आज बुवांनी किती भरल्या?’ आणि आजोबा ‘दोन’ किंवा ‘आज पाच झाल्या, तब्येत बरी दिसत नाही’ असे सांगत. पावसकाळात आव झाली की आजी वैद्यांकडचे जे चूर्ण देई त्यात भांग असे आणि त्या भांगेला वैद्य विजया म्हणत.

मला या आठवणीवर गुलाबी रंग चढवायचा नाही. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात गांजा आणि भांग दोन्ही होते, म्हणजे बुवांची चिलीम तेव्हाही कागदावर गुन्हाच होती. तालुक्याचे जमादार देवळात पाया पडून जात आणि चिलमीकडे पाहत नसत, ते बुवांच्या भगव्या कफनीमुळे. तीच चिलीम गावकुसाबाहेरच्या एखाद्या मजुराच्या हातात दिसली असती तर त्यांनी पाहिली असती. आणि बुवांचा एक तरुण चेला होता. पहाटे ओढ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून तो कुणाशी तरी भांडत असे. एके वर्षी आम्ही सुटीला गेलो तेव्हा तो नव्हता. ‘गांजानं खुळावला, कुठं गेला कुणास ठाऊक,’ असे गडीमाणसे म्हणत. आजी मात्र म्हणे की तो आला तेव्हाच तसा होता, आणि म्हणूनच घरच्यांनी त्याला मठात आणून सोडला होता. दोन्ही म्हणण्यांपैकी कोणते खरे, हे तेव्हा कुणी तपासले नाही. भाच्याच्या आजारपणात मला बुवांपेक्षा तो चेला अधिक आठवला.

त्याच सुमारास, झोप येत नसे अशा रात्री, मी १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाविषयी वाचत बसे. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर नेमलेल्या या आयोगाने देशभर फिरून १,१९३ साक्षीदार तपासले. तेव्हा बंगालमधील नवगावप्रमाणेच आमच्या नगर जिल्ह्यातही परवान्याने गांजा पिकत होता. मर्यादित सेवन जवळजवळ निरुपद्रवी असते, अतिरेक मात्र विशेषतः मनाने आधीच अस्थिर असलेल्या माणसाला घातक ठरतो, म्हणून सरसकट बंदी घालू नये, परवाना आणि कर यांनी नियंत्रण ठेवावे, असा त्यांचा निष्कर्ष अनेकांना माहीत असतो. गांजा खुला करा म्हणणारे तो नेहमी पुढे करतात. (सरकारला या मालातून महसूल मिळत होता, हे सांगायला ते विसरतात.) मला मात्र त्या अहवालातील दुसऱ्याच एका भागाने धरून ठेवले. वेड्यांच्या इस्पितळांत दाखल होणाऱ्यांपैकी कितीजण गांजाने वेडे झालेले असतात, हे आयोगाला शोधायचे होते. १८९२ साली दाखल झालेल्या १,३४४ जणांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून भांग, गांजा किंवा चरस यांची नोंद होती. आयोगाने ही प्रकरणे एकेक करून पुन्हा तपासली, आणि तग धरू शकतील अशी उरली ९८. त्यांतही केवळ या पदार्थांकडेच बोट दाखवता येईल अशी फक्त ६१. मग बाकीच्या नोंदी कुठून आल्या? तर रोग्याला आणून सोडणाऱ्या पोलिसांच्या कागदांवरून. कागदावर वेडाच्या कारणाचा रकाना होता, तो भरणे भाग होते, आणि बैराग्यासारखा दिसणारा, रस्त्यावर सापडलेला, स्वतःविषयी काही सांगू न शकणारा माणूस असला की ‘गांजा’ लिहिणे सोपे होते.

त्यांना माहीत नसताना त्यांनी ‘गांजा’ लिहिले. मला माहीत असताना मी ‘नाही’ लिहिले.

हा योगायोग समजून घेण्यातच गांजावर बंदी हवी की नको या वादाविषयीचे माझे मत तयार झाले. एक गोष्ट मला आधीच मान्य केली पाहिजे: हे झाड निरुपद्रवी आहे असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी उभी राहू शकत नाही. पंख्याला कान लावलेला मुलगा मी पाहिला आहे. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या ४५,५७० तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेऊन १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात, भरतीपूर्वीच पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस ओढलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या सहापट आढळला. ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो आजार झाला नाही, हेही त्याच अभ्यासात आहे, आणि कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही, हीच यातली भयंकर गोष्ट आहे. १९६४ मध्ये इस्राएलमध्ये राफाएल मेशुलम यांनी सहकाऱ्यासह गांजातील मुख्य मादक द्रव्य, टीएचसी, वेगळे काढले आणि १९९२ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत, आपल्या मेंदूत तयार होणारा आणि टीएचसीच्याच कुलुपात बसणारा एक रेणू सापडला. त्याला त्यांनी संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून आनंदमाइड असे नाव दिले. हे वाचून मला बुवांच्या झुरक्यानंतरची ती लांब शांतता आठवली. सोळा-सतरा वर्षांच्या मेंदूत या आनंदाची घडी अजून बसत असते, आणि तेव्हाच बाहेरून रोज त्याचा भडिमार झाला तर ती घडी विस्कटू शकते, असे डॉक्टरांनी आम्हाला समजावले. कोवळ्या वयाचा प्रश्न माझ्यासाठी म्हणूनच सर्वांत मोठा आहे.

आणि नेमक्या याच प्रश्नावर बंदी कुचकामी ठरते. आमच्या मुलाला ती पुडी धुळ्यात अकरावीत मिळाली. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तुरीत आणि कपाशीत लपवून लावलेला गांजा पकडल्याच्या बातम्या खानदेशात कुणाला नव्या नाहीत. माणसापेक्षा उंच वाढलेल्या झाडांमध्ये उभ्या असलेल्या पोलिसांचे फोटो येतात, उपटलेल्या झाडांचे ढीग ट्रॅक्टरमध्ये भरले जातात आणि मालाची किंमत लाखांत सांगितली जाते. वीस किलोच्या वर गेले की ते ‘व्यापारी प्रमाण’, त्याला किमान दहा वर्षे सक्तमजुरी आणि जामिनाची वाट जवळपास बंद. वजन करताना पाने, देठ, मुळे धरायची की फक्त फुलोरे, यावर न्यायालयांत वाद होतात, आणि नुसती पाने-बिया म्हणजे गांजा नव्हे या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जामीनही दिलेला आहे. पण तिथवर पोचायला वकील लागतो. पावरा समाजातील एखादा कोरडवाहू शेतकरी तिथे पोचेपर्यंत त्याचा मुलगा कामाला लागलेला असतो. इकडे एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात असे दिसले की वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे ३ कोटी १० लाख लोक या देशात आहेत, आणि त्यांतले गांजा-चरस घेणारे सुमारे १ कोटी ३० लाख. कायद्याच्या भाषेत हे गांजा-चरस घेणारे सगळे कैदेस पात्र आहेत. म्हणजे इतक्या घरांत कुणीतरी, कुठल्या तरी खिडकीवर, ‘नाही’ असे लिहिणार आहे.

मग दुकाने उघडावीत का? याचे उत्तर देताना माझे मन अडखळते. दोन वर्षांपूर्वी मी टोरांटोला मैत्रिणीकडे गेले होते. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर केला आहे. तिच्या घरापासून दोन चौकांवर स्वच्छ काचांचे एक दुकान होते. ऑन्टारिओत १९ वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत. मी कुतूहलाने गेले. रंगीबेरंगी जाहिरात कुठे नव्हती. साध्या डब्यांवर लाल चिन्ह, पिवळ्या चौकटीत इशारा आणि टीएचसी किती ते आकड्यांत छापलेले होते. तो छापील आकडा पाहून माझ्या घशात काहीतरी दाटले, कारण आमच्या मुलाच्या पुडीत काय आणि किती होते हे आम्हाला कधीच कळणार नाही. मैत्रीण म्हणाली की तिच्या डॉक्टरच्या फॉर्मवर दारूखालीच याची ओळ असते, महिन्यातून किती वेळा असे विचारतात, आणि लोक लिहितात. पण रस्त्यावर, बागेत, बसथांब्यावर तो वास सतत येत होता आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा उठत होता. गांजा घातलेल्या गोळ्या, केक, चॉकलेटे लहान मुलांनी चुकून खाल्ल्याने त्यांना दवाखान्यात न्यावे लागण्याचे प्रमाण त्या प्रांतात वाढले, हेही तिनेच सांगितले. थायलंडने २०२२ मध्ये घाईने दारे उघडली, गल्लोगल्ली दुकाने झाली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची करावी लागली. विकणाऱ्याला फायदा असला की तो गिऱ्हाईक वाढवतो, आणि गिऱ्हाईक कोवळे असले तर त्याला ते अधिक काळ पुरते. आपल्याकडे गुटखाबंदीनंतरही शाळेच्या शंभर पावलांवर काय काय मिळते हे पाहणाऱ्या मला दुकानांवर विश्वास ठेवता येत नाही.

मला पटते ते पोर्तुगालसारखे काहीतरी. तिथे २००१ पासून स्वतःपुरता माल जवळ असणे हा फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. पकडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी एका समितीपुढे जावे लागते, आणि विक्री मात्र गुन्हाच आहे. ओढणाऱ्याच्या डोक्यावरचा तुरुंग काढा, विकण्याचा बाजार मांडू नका, असे मी म्हणते तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक नाराज होतात. माझ्या मेहुण्यांना हे म्हणजे पोरांना मोकळे रान देणे वाटते. भाच्याच्या एका मित्राने मला सांगितले की महादेवाचा प्रसाद असलेल्या आणि आयुर्वेदात सांगितलेल्या वनस्पतीला गुन्हा ठरवणे हेच मुळात परकीयांचे कारस्थान आहे. त्याचे थोडे खरे आहे, अमली पदार्थांविषयीच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारामागे पाश्चात्त्य दबाव होता, आणि डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात त्याच कराराच्या सर्वांत कडक यादीतून गांजा काढण्याच्या बाजूने २७ विरुद्ध २५ असे मतदान झाले तेव्हा भारताचे मतही बाजूने होते. पण महादेवाने हलाहलही प्यायले होते. घरात तसा मुलगा असलेल्या माणसाला प्रसादाचा युक्तिवाद ऐकवत नाही.

आणि सगळे कायद्यावर ढकलून मला मोकळेही होता येत नाही. बहिणीच्या सासऱ्यांना काविळीसाठी दाखल केले तेव्हा त्यांच्या फॉर्मवरही ‘व्यसने’पुढे ‘नाही’ असेच लिहिले होते, आणि ते रोज संध्याकाळी पाव बाटली घेत, ती दुकानातून राजरोस विकत आणलेली असे. लाजेला कायदा लागत नाही. फरक एवढाच पडला की त्या डॉक्टरांनी कागद पाहून हसून विचारले, ‘आता खरं सांगा आजोबा, किती घेता?’ आणि सासऱ्यांनी सगळ्यांदेखत बोटांनी माप दाखवले. पाच मिनिटांत खरे बाहेर आले. आमच्याकडे १९ दिवस लागले, आणि तेही आम्ही दोघी मोठ्या बायका बोललो नाही, आजारी मुलगा बोलला.

आता तो २२ वर्षांचा आहे. दोन वर्षे गेली, पण कॉलेज पुन्हा सुरू झाले आहे. गोळ्यांनी वजन वाढले, हात किंचित कापतो, पंख्याचे भय गेले. कॅमेऱ्यावरचे बँड-एड त्याने मागच्या दिवाळीत स्वतः काढले आणि त्या जागी राहिलेला चिकट डाग नखाने खरवडत तो बराच वेळ बसला होता. गेल्या महिन्यात रुग्णालयाने जुन्या फायली बदलल्या, त्यामुळे सगळे कागद नव्याने भरायचे होते. तीच खिडकी, तेच सुतळीने बांधलेले पेन, नसेल तर त्याच्यासारखेच दुसरे. या वेळी पेन त्याने घेतले. मी शेजारी उभी राहिले. नाव, वय, पत्ता त्याने झरझर लिहिले. घरात कुणाला मानसिक आजार, यापुढे ‘नाही’ लिहिले. मग त्या ओळीपाशी त्याचा हात थांबला. मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला.

‘मावशी,’ तो कागदावरची नजर न काढता म्हणाला, ‘“ओढत होतो” असं लिहू की “ओढतो” असं?’

माझ्या तोंडात उत्तर आले होते, तीन वर्षांपूर्वी आले होते तितक्याच वेगाने. ते मी गिळले आणि म्हटले, ‘तुला ठाऊक आहे ते लिही.’ त्याने मान हलवली, शाळेत पेपर लिहिताना मुले धरतात तसा डावा हात कागदाभोवती आडवा धरला, आणि लिहू लागला.